कॉम्प्युटर अडकला तर फॉरमॅटची घाई नको



मागच्या वेळी आपण कर्ज नोंदवहीबद्दल बोललो, तेव्हा दोन गटांतून एकच प्रश्न आला. ताई, सगळा हिशोब आता कॉम्प्युटरवर आहे, मग वही कशाला? त्या दिवशी मी नीट उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर लाज वाटली, कारण त्या प्रश्नानं मला गेल्या सप्टेंबरातली एक संध्याकाळ आठवली. आज ती सांगते, आणि त्यातून जे शिकले तेही सांगते. वही-पेन जवळ असेल तर घ्या, मधे काही बटणांची नावं येतील.

विसर्जन होऊन चार दिवस झाले होते. आमच्या कळंबच्या गटाला मसाला कांडप यंत्रासाठी बँकेचं कर्ज हवं होतं. सहा महिन्यांची बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांचा तक्ता शुक्रवारी बँकेत द्यायचा होता. बुधवारी संध्याकाळी तो कॉम्प्युटरवर पुरा झाला, छापायचा तेवढा राहिला. प्रिंटरची शाई संपली होती. म्हटलं, उद्या छापू. मशीन बंद करायला गेले तर 'अपडेट अँड शट डाऊन' असं बटण होतं, तेच दाबलं. पडद्यावर गोल फिरायला लागलं, टक्के वाढायला लागले आणि खाली लिहून आलं की कॉम्प्युटर बंद करू नका. २७ टक्क्यांवर ते थांबलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली, वीस गेली, आकडा हलेना. तेवढ्यात समुद्राकडून पाऊस आला आणि विजा कडाडायला लागल्या. विजा झाल्या की टीव्हीची पिन काढायची, ही आपली लहानपणापासूनची सवय. मी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि खोलीला कुलूप लावलं.

गुरुवारी सकाळी मशीन चालू केलं तर कंपनीचं चिन्ह आलं, त्याखाली पांढरे ठिपके फिरायला लागले, आणि ते फिरतच राहिले. तासभर. बंद करून पुन्हा लावलं, पुन्हा तेच. आमच्या कोषाध्यक्ष ताई आल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वहीत कुठपर्यंत आहे?" वहीत जूनपर्यंतच होतं. जुलैपासून मी सगळं मशीनवर करत होते आणि नंतर वहीत उतरवू म्हणत होते.

मशीन रिक्षात घालून दुकानात नेलं. दुकानदार भाऊंनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "ताई, विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावं लागेल. संध्याकाळी घेऊन जा."

"आणि आमच्या फाइली?"

"त्या जातील. बॅकअप असेल ना तुमच्याकडे?"

बॅकअप म्हणजे दुसरीकडे ठेवलेली नक्कल. ती नव्हती. मी मशीन तिथे ठेवणारच होते, पण माझी भाची कॉम्प्युटर शिकते, म्हटलं तिला एक फोन करावा. ती पहिल्याच वाक्यात म्हणाली, "मावशी, फॉरमॅट करू देऊ नकोस. मशीन घरी आण आणि मला व्हिडिओ कॉल कर." त्या एका फोननं आमचा तीन वर्षांचा हिशोब वाचला.

आता हे अडकणं म्हणजे नेमकं काय होतं, ते आपल्या घरातल्या गोष्टीवरून सांगते. पावसाळ्याआधी कौलारू घर शाकारतात ते तुम्ही पाहिलंय. जुनी कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, नवी बसवायची. हे चालू असताना माणसं घरात असतात, पण छप्पर अर्धं उघडं असतं. समजा, नेमके त्याच वेळी गडी काम टाकून निघून गेले. छप्पर ना जुनं ना नवं, घरात राहता येत नाही. पण तुमची पेटी, त्यातले दागिने, रेशन कार्ड, सगळं जागच्या जागी आहे. विंडोज म्हणजे ते छप्पर. तुमच्या फाइली म्हणजे ती पेटी. अपडेट म्हणजे शाकारणी. अपडेटमध्ये विंडोजच्या जुन्या फाइली काढून त्या जागी नव्या बसवतात, आणि यातलं नाजूक काम मशीन पुन्हा चालू होताना होतं, कारण मशीन वापरात असताना त्या फाइली हलवता येत नाहीत. त्या वेळी वीज गेली किंवा कुणी बटण बंद केलं, की छप्पर अर्धवट राहतं.

फॉरमॅट म्हणजे सगळं घर पाडून नवं बांधणं. पेटी आत असतानाच. दुकानदाराला ते सोपं पडतं, कारण त्याला काय बिघडलंय ते शोधावं लागत नाही, तासा-दीड तासात मशीन चालू होतं आणि तुम्हीही त्याला शाबासकी देता. त्याची चूक म्हणत नाही मी. त्याला विंडोज चालू करायचं असतं, पेटी तुमची असते. म्हणून दुकानात गेलात तरी पहिलं वाक्य हेच बोला: भाऊ, आधी आमच्या फाइली काढून द्या, मग काय करायचं ते करा. मशीनमधली हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून फाइली काढता येतात, हे काम त्यांना येतं. आणि ते होईपर्यंत तिथेच बसा. त्या डिस्कवर आपल्या सगळ्या जणींचे आधार कार्डाचे फोटो आणि खाते क्रमांक असतात.

असं फक्त आपल्यासारख्यांचंच होतं असं समजू नका. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक नावाची एक कंपनी मोठमोठ्या कार्यालयांच्या कॉम्प्युटरना सुरक्षा पुरवते. तिनं आपल्याकडच्या सकाळी साडेनऊच्या सुमारास एक अपडेट पाठवलं, त्यात चूक होती. ज्या विंडोज मशीनवर ते पोचलं, ती मशीनं निळा पडदा दाखवून बंद पडायची, पुन्हा चालू व्हायची, पुन्हा बंद पडायची. कंपनीनं सव्वा तासाच्या आसपास अपडेट मागे घेतलं, पण तोवर जगभरात सुमारे ८५ लाख मशीनं अडकली होती. मुंबईसकट आपल्या देशातल्या विमानतळांवर गोंधळ झाला आणि प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले. म्हणजे एवढ्या मोठ्या विमान कंपन्यांनाही शेवटी कागद-पेनच लागलं. ते मायक्रोसॉफ्टचं अपडेट नव्हतं, दुसऱ्या कंपनीच्या प्रोग्रामचं होतं, पण अडकण्याची तऱ्हा तीच. आणि उपाय काय होता? मशीन 'सेफ मोड'मध्ये चालू करायचं, चुकीची एक फाइल काढून टाकायची आणि पुन्हा चालू करायचं. एकेका मशीनपाशी जाऊन माणसांनी हे केलं. नुसतं निळा पडदा दिसला म्हणून त्या मशीनवरची माहिती गेली नव्हती.

आता आपण काय करायचं ते.

पहिली गोष्ट थांबणं. हीच मला जमली नाही. टक्के एका आकड्यावर थांबले म्हणजे मशीन अडकलंच असं नाही. जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, मेमरी कमी असेल, तर मोठं अपडेट दोन-तीन तास घेतं आणि एकाच आकड्यावर तासभर बसतं. मशीनच्या पुढच्या बाजूला, चालू-बंदच्या दिव्याशेजारी आणखी एक बारीक दिवा असतो. तो लुकलुकत असेल तर आत काम चाललंय. बऱ्याच लॅपटॉपवर तो दिवा नसतो, तिथे पंख्याचा आवाज ऐका. 'अनडूइंग चेंजेस' असं काही लिहून आलं तर घाबरू नका, मशीन स्वतःच जुनी कौलं परत बसवतंय. त्यालाही तेवढाच वेळ द्या. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा. रात्रभर ठेवलं तरी चालेल.

रात्रभर ठेवूनही हललं नाही, दिवाही मेल्यासारखा, तर मशीन जिवंत आहे का ते पाहा. कीबोर्डवरचं 'कॅप्स लॉक' दाबा. त्याचा छोटा दिवा लागतो-विझतो आहे? मग मशीन ऐकतंय, आणखी थोडा वेळ द्या. दिवा बदलतच नसेल तर ते खरंच गोठलंय. अशा वेळी भिंतीवरचं बटण नको, मशीनचं चालू-बंदचं बटण दहा सेकंद दाबून धरा. ते बंद होईल. मग प्रिंटर, पेनड्राइव्ह, अंगठा घ्यायचं यंत्र, नेटचं डोंगल, जे काही टोचलेलं आहे ते सगळं काढा. नुसता माउस आणि कीबोर्ड ठेवा. कधीकधी अडथळा एवढाच असतो, मशीन पेनड्राइव्हवरून चालू व्हायला बघत असतं. आमच्यासारख्या समुद्रकाठच्या गावांत खाऱ्या हवेनं ती तोंडं गंजतात, ते वेगळंच. कोरड्या कापडानं पुसून घ्या.

आणि एक लक्षात ठेवा. चालू करताना आतून टकटक किंवा करकर आवाज येत असेल, तर पुढचं काहीही करू नका. तो आवाज हार्ड डिस्कचा असतो, म्हणजे पेटीच मोडायला आली आहे. जितक्या वेळा चालू कराल तितकं जास्त जाईल. ते काम फाइली काढणाऱ्या जाणकाराचं.

आवाज नसेल, तर विंडोजमध्ये दुरुस्तीची एक वेगळी खोली असते, तिथे जायचं. ती सहसा आपोआप उघडते. विंडोज लागोपाठ दोन-तीन वेळा नीट चालू झालं नाही की तिसऱ्या-चौथ्या वेळी 'ऑटोमॅटिक रिपेअर' असं दिसतं. आपोआप आलं नाही तर भाचीनं सांगितलं तसं करा. मशीन चालू करा, ठिपके फिरायला लागले की बटण दहा सेकंद दाबून बंद करा. असं दोनदा. मग चालू करून सोडून द्या. विचित्र वाटतं खरं, एरवी जे करू नका म्हणून सांगते तेच करायला सांगतेय. पण मशीनला 'माझं काहीतरी चुकतंय' हे कळायचा हाच मार्ग आहे. हे सारखं करत बसू नका.

आता पडद्यावर दोन बटणं येतील, 'रीस्टार्ट' आणि 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'. दुसरं दाबा. पुढे चौकोन दिसतील. त्यातला पाना आणि स्क्रू ड्रायव्हरचं चित्र असलेला चौकोन म्हणजे 'ट्रबलशूट'. तो दाबला की पुन्हा दोन गोष्टी येतात, 'रीसेट धिस पीसी' आणि 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'. इथे हात सांभाळा. 'रीसेट' वर असतं, ठळक असतं, आणि घाईत तेच दाबलं जातं. ते आत्ता नको. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जा. तिथे सहा-सात चौकोन असतात.

त्यातला पहिला उपाय 'स्टार्टअप रिपेअर'. हा कशालाही धक्का लावत नाही, दाबायला हरकत नाही. दहा-पंधरा मिनिटं घेतो. आमच्या वेळी त्यानं सरळ हात वर केले, दुरुस्त करता येत नाही म्हणून सांगितलं. माझा चेहरा पडला. भाची म्हणाली, "मावशी, हा बहुतेक वेळा असंच म्हणतो. आता आधी पेटी बाहेर काढू."

हे पेटी काढायचं मला फार आवडलं, म्हणून सविस्तर सांगते. मोठा पेनड्राइव्ह आधी लावा. त्याच चौकोनांमधला 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा. तो कधीकधी पासवर्ड विचारतो, आपला नेहमीचा द्या. काळी खिडकी उघडते. तिच्यात इंग्रजीत नोटपॅड टाइप करा, अक्षरं एन, ओ, टी, ई, पी, ए, डी, सगळी जोडून, आणि एंटर दाबा. साधं लिहायचं नोटपॅड उघडतं. आपल्याला त्यात लिहायचं काही नाही. वरच्या 'फाइल'वर जाऊन 'ओपन' दाबायचं, की फाइली बघायची खिडकी मिळते. म्हणजे पुढचं दार अडकलंय म्हणून आपण मागच्या पडवीतून घरात शिरलो. खिडकीत खाली 'टेक्स्ट डॉक्युमेंट्स' असतं, तिथे 'ऑल फाइल्स' निवडा, नाहीतर एक्सेलच्या फाइली दिसणारच नाहीत. मग 'धिस पीसी'मध्ये जा. इथे सी ड्राइव्हचं नाव बदलून डी झालेलं असू शकतं, उघडून बघा. त्यात 'यूजर्स' फोल्डर, त्यात आपल्या मशीनचं नाव, त्यात 'डेस्कटॉप' आणि 'डॉक्युमेंट्स'. हव्या त्या फोल्डरवर माउसचं उजवं बटण दाबून 'कॉपी', मग पेनड्राइव्ह उघडून मोकळ्या जागी उजवं बटण दाबून 'पेस्ट'. किती झालं ते इथे दिसत नाही. मशीन गप्प बसल्यासारखं वाटतं. हात न लावता वाट बघा. थोड्या वेळानं पेनड्राइव्हमध्ये आमचं 'बचत' नावाचं फोल्डर दिसलं, तेव्हा कोषाध्यक्ष ताई खुर्चीवरून उठल्या आणि चहा ठेवायला गेल्या. सकाळपासून त्या बसूनच होत्या.

फाइली बाहेर आल्या की मग धीर येतो. आता तुम्ही काही चुकीचं दाबलं तरी जाईल ते छप्पर. त्यानंतरचा उपाय 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. त्यात दोन पर्याय असतात. 'क्वालिटी अपडेट' म्हणजे दर महिन्याचं छोटं अपडेट आणि 'फीचर अपडेट' म्हणजे वर्षा-दोन वर्षांतून येणारं मोठं. कुठलं अडकलं ते माहीत नसेल तर छोटं आधी काढा. आमचं छोटंच होतं. अर्ध्या तासानं मशीन पुन्हा चालू झालं आणि गणपतीचा फोटो लावलेला आमचा नेहमीचा पडदा आला.

तेवढ्यानं झालं नाही तर त्याच चौकोनांत 'सिस्टिम रिस्टोर' असतं, ते मशीनला जुन्या तारखेला नेतं, फाइलींना हात लावत नाही. पण ती सोय आधीपासून चालू असेल तरच. 'स्टार्टअप सेटिंग्ज'मधून चार आकडा दाबून 'सेफ मोड' मिळतो, त्यात विंडोज अगदी मोजक्या सामानानिशी उघडतं. आणि अगदी शेवटी ते मघाचं 'रीसेट'. तिथे दोन प्रश्न विचारतात, 'कीप माय फाइल्स' की 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. पहिलंच निवडायचं. तरीही तुम्ही वरून टाकलेले प्रोग्राम, मराठी टायपिंग, प्रिंटरचा प्रोग्राम, हे सगळं जातं आणि पुन्हा घालावं लागतं. म्हणून फाइली आधी काढून मगच हे करा, 'कीप' म्हटलं असलं तरी.

इथे एका कुलपाबद्दल सांगायला हवं. नव्या लॅपटॉपवर दुरुस्तीच्या खोलीत शिरताना ४८ आकड्यांची किल्ली मागितली जाऊ शकते. ते बिटलॉकर नावाचं कुलूप आहे. लॅपटॉप चोरीला गेला तर आतलं कुणाला वाचता येऊ नये म्हणून असतं. किल्ली नसेल तर दुकानदारही काही करू शकत नाही, डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी उघडत नाही. ही किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते, दुसऱ्या फोनवरून त्या खात्यात शिरून ती बघता येते. पण खातं कुणाचं? लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या मुलानंच त्याच्या ईमेलवर खातं उघडून दिलं असेल, तर किल्ली त्याच्याकडे. हे आमच्या दोन गटांत निघालं. आज घरी गेल्यावर एवढं बघा की आपल्या मशीनचं खातं कुणाच्या ईमेलवर आहे. आपल्या गटाच्या ईमेलवर नसेल तर बदलून घ्या, आणि किल्ली कागदावर लिहून पासबुकांबरोबर ठेवा.

मशीन अडकलं की माणूस मोबाइलवर मदतीचा नंबर शोधतो. तिथेही सांभाळा. मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय असं सांगून पैसे मागणारे, मोबाइलवर एखादं ॲप टाकायला लावून आतलं सगळं बघणारे बरेच आहेत. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा, हा सरकारचा सायबर फसवणुकीचा नंबर आहे. जितक्या लवकर कराल तितका पैसा अडवता येण्याची शक्यता जास्त.

आता तुम्ही म्हणाल, एवढा व्याप असेल तर अपडेट करूच नये. आमच्या बैठकीत हेच म्हणणं निघालं. मला ते पटत नाही. अपडेट म्हणजे नुसती रंगरंगोटी नाही, चोर शिरायच्या फटी त्यातून बुजवतात, आणि आपण त्याच मशीनवर बँकेचे व्यवहार बघतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, त्यामुळे जुनी मशीनं वापरणाऱ्या गटांना नव्या विंडोजचा विचार करावाच लागेल, आणि सगळ्याच जुन्या मशीनवर विंडोज ११ चालत नाही. कुणी 'बसवून देतो' म्हणालं, तरी आधी विचारा की हे मशीन त्याला चालतं का. अपडेट करायचं, पण आपल्या वेळेला. मायक्रोसॉफ्टची महिन्याची अपडेट अमेरिकेत दुसऱ्या मंगळवारी निघतात, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी रात्री किंवा बुधवारी. आमचा तो बुधवार नेमका दुसऱ्या मंगळवारनंतरचा होता. कॅलेंडरवर तेव्हा आम्ही काहीच खूण केली नव्हती, आता करतो. 'सेटिंग्ज'मध्ये 'पॉझ अपडेट्स' असतं, बँकेचं काम असलेल्या आठवड्यात ते दाबून ठेवायचं. मग एखाद्या रविवारी सकाळी, आकाश मोकळं बघून, मशीनमध्ये निदान २० जीबी जागा रिकामी आहे ना ते पाहून, फाइलींची नक्कल काढून, अपडेट चालू करायचं आणि आपण भाजी निवडत बसायचं.

वीज मधेच गेली तर छोटा यूपीएस काही मिनिटं मशीन सांभाळतो. पण तो अपडेट पुरं करायला पुरेल असं नाही, त्यामुळे इनव्हर्टर असलेल्या घरात मशीन ठेवता आलं तर बरं. आणि विजांचं? पुन्हा तशीच संध्याकाळ आली आणि डोक्यावर विजा कडाडत असल्या, तर मी पिन काढेन की नाही, हे मला अजून ठामपणे सांगता येत नाही. लॅपटॉप असेल तर चार्जर काढावा, बॅटरीवर काम चालू राहतं. आमचं मशीन टेबलावरचं. ढग बघून अपडेट चालूच करू नये, एवढं मात्र नक्की.

तक्ता शुक्रवारी सकाळी पेनड्राइव्हवरून झेरॉक्सच्या दुकानात छापला आणि साडेदहाला बँकेत दिला. तिथल्या बाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "मूळ नोंदवही पण दाखवा." जुलै ते सप्टेंबरची पानं कोरी होती. आम्हाला सोमवारपर्यंत मुदत मिळाली. शनिवार-रविवार मी आणि आमच्या सचिव ताई बसून तिन्ही महिन्यांच्या नोंदी वहीत उतरवत होतो, आणि त्यात दोन चुका सापडल्या. एका ताईंची ऑगस्टची परतफेड मशीनवर दोनदा पडली होती, आणि एकीची पडलीच नव्हती. मशीनवर त्या महिनाभर कुणाच्या डोळ्यांना दिसल्या नव्हत्या. वहीत सगळ्या जणींसमोर रक्कम वाचून लिहितो, तेव्हा जिची असते ती लगेच बोलते.

म्हणून मागच्या प्रश्नाचं उत्तर आता देते. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र नियमित लेखे, आणि आमच्या गटात आता ते बैठकीतच वहीत होतात, मशीनवर त्यानंतर. बैठक संपली की 'बचत' फोल्डर पेनड्राइव्हवर घेतो. पेनड्राइव्ह दोन आहेत. एक सचिव ताईंकडे, एक कोषाध्यक्ष ताईंकडे, आणि तो कधीही मशीनला लावून ठेवायचा नाही, कारण मशीनबरोबर तोही जाऊ शकतो. सचिव ताई त्यांचा पेनड्राइव्ह प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवतात, खाऱ्या हवेपासून जपायला. पहिल्या महिन्यात तो त्यांच्या सूनबाईंच्या हाताला तांदूळ निवडताना लागला होता. आता डब्यावर चिठ्ठी लावली आहे.